उलट्या पिळाची गाठ

"तू कोनाच्या चुलीची वं?"

रायवंता बुढीनं मला विचारलं आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेल्या साऱ्या बायांना एकाएकी पाण्यातली बदकं दिसायला लागली. माझ्याकडं कुणी बघेना.

बुढीला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी नाळ तिनंच कापली होती. पण तलावातल्या धानाचे वाटे पाडायच्या सकाळी हा प्रश्न प्रत्येकीला विचारायचा आणि प्रत्येकीनं सासूचं नाव सांगून पुढं व्हायचं, ही आमच्या तलावाची रीत. माझ्याआधी माझी वहिनी उठली होती. तिनं माझ्या मेलेल्या मायचं नाव सांगितलं आणि बुढीनं बांबू उचलून पाण्यातल्या खुंटापासून अर्जुनाच्या झाडापर्यंतचा पट्टा तिला दाखवला.

"मी माझीच," मी म्हणाले.

"असं नसते."

"मंग बनवा तसं."

"बनवाले मी का ग्रामपंचायत आहो?" बुढी म्हणाली. बाया हसल्या. हसायला मिळालं म्हणून सुटल्यासारख्या हसल्या. "चूल नाई त गाठ नाई, निरू. हे मी नाई केलं. माझ्या सासूच्या सासूच्याही आधीचं आहे."

"तो पल्याडचा कोपरा त रिकामाच आहे. ते घर नागपूरकडं कामाले गेलं ते आलंच नाई. धान पान्यात सांडून जाईन."

"सांडू दे. तलावाचं तलावाले."

देवधान ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. आम्ही ढिवर. तलावातली मासळी पुरुषांची आणि देवधान बायांचं. ते कुणी पेरत नाही, कुणी नांगरत नाही. पाण्यात आपलं आपण उगवतं आणि माणसाएवढं वाढतं. दाणा बारीक, लालसर, आणि त्याला बोटभर लांब कुसळ. बाळंतिणीला त्याची पेज देतात, पोरांचं पोट बिघडलं तर तीच पेज पातळ करून देतात, लाह्या फोडतात, तनीस, म्हणजे पेंढा, अंथरुणाखाली घालतात. पण धान मोठं लबाड. पिकलं की एका झुळकीत सारा दाणा पाण्यात सांडून मोकळं होतं. म्हणून दाणा दुधावर असतानाच बाया डोंग्यात बसून जातात, मूठभर लोंब्या एकत्र धरतात आणि त्यांच्याच एका काडीनं मानेशी गाठ मारतात. मग पिकलेला दाणा कुसळांच्या गुंत्यात अडकून राहतो. पुढं गाठी सोडायच्या, डोंग्यातच झोडपायचं.

प्रत्येक घराची गाठ वेगळी. कुणाचे दोन वेढे, कुणाचे तीन, कुणाचं टोक वर, कुणाचं दुमडून आत. ज्याची गाठ त्याचं धान. दुसऱ्याची गाठ सोडली तर तलाव मासळी लपवतो असं आम्ही मानतो, आणि मासळी लपली तर ढिवराकडं उरतं काय. आमच्या गावचा चोर कुलूप फोडेल, पण गाठीला हात लावणार नाही.

पोरगी लहानपणी मायची गाठ शिकते. लग्न झालं की सासूची शिकते आणि मायची विसरते. डोक्यानं नाही, हातानं विसरावी लागते. मी विसरले होते. कोसमटोल्याच्या तलावात आत्याबाईच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, डोंग्यात बसून हंगामामागून हंगाम तिची गाठ मारली होती.

मग एका सकाळी मी तिथून निघून आले. मला टाकलेली म्हणू नका. मी टाकलं. नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढं त्याला पुरे झालं. तो मारायचा. पिऊन मारायचा असंही नाही. शुद्धीत, तोंड धुऊन, नीट मारायचा.

तेव्हापासून मी भावाकडं होते आणि भावाच्या घराच्या भिंती मला बघून रोज थोड्या आत सरकत होत्या. गाठ मिळाली तर धान माझं, आणि धान माझं तर या गावात मी एक घर. नाही मिळाली तर पुन्हा कोसमटोला. मधला रस्ता कुणी बांधून ठेवलेला नव्हता.

"चाल," वहिनी उठत म्हणाली. "माझ्या डोंग्यात बैस. वाटा नाई त नाई, हात त देशीन?"

माझी वहिनी शशिकला. जीभ अशी की लिंबाला आंबट करील. पण हात देशीन का म्हणून तिनंच विचारलं, बाकी कुणी नाही.

ती मागं बसून बांबूनं डोंगा ढकलत होती, मी पुढं. दोन्ही बाजूंनी हिरवं धान डोक्याच्या वर. मी उजवीकडच्या लोंब्या धरायची, ती ढकलता ढकलता डावीकडच्या.

"तोंड काहून पाडलं?" ती म्हणाली. "तुले वाटा भेटला असता त मले हात द्याले कोन होतं?"

"दादाले बसवा न."

"तुझ्या दादानं एकदा मारली होती गाठ. तुटल्या चपलेचा अंगठा सांधल्यावानी. तुझ्या मायनं त्याले डोंग्यातून उतरवून पान्यातून चालत पाठवलं."

मला हसू आलं. माय अशीच होती.

"तालुक्याची ती बाई पुसत होती," वहिनी पुढं म्हणाली, "औंदा देवधान देशीन का म्हनून. ऋषिपंचमीले त्यायले बैलाच्या कष्टाचं चालत नाई म्हने."

"आन आपल्या कष्टाचं?"

"ते चालते. आपल्या मानेवर जू दिसत नाई न."

"कुसळं टोचून बोटं फाटतात ते सांगाचं होतं."

"सांगतलं. म्हने धुऊन घेऊ."

आम्ही दोघी इतक्या हसलो की डोंगा हलला. आमच्या रक्ताचं धान धुऊन घ्यायचं आणि बैलाला त्रास दिला नाही म्हणून देवापुढं बसायचं. खाणारीला बैल दिसतो, डोंग्यातली बाई दिसत नाही. ती पुण्याई तिची तिला लखलाभ असो. आम्ही हसत होतो, बोलत होतो, आणि हात आपलं काम करत होते.

पट्ट्याच्या टोकाला जाऊन आम्ही वळलो. परत येताना वहिनीनं बांबू रोवला आणि डोंगा थांबवला.

"हे कोनाची गाठ?"

मी बघितलं. माझ्या बाजूच्या साऱ्या ओळी, एकूण एक, उलट्या पिळाच्या. वेढे डावीकडून, टोक खालून आत. आत्याबाईची गाठ.

"निरू, हे कोनाची गाठ आहे?"

"कोसमटोल्याची," मी म्हणाले.

वहिनी खाली बसली. डोंग्यात जितकं मटकन बसता येतं तितकं बसली. "म्हनजे माझ्या वाट्यात माझ्या ननदेच्या सासूचं धान."

मी सोडायला हात पुढं केला. तिनं माझ्या मनगटावर फटका मारला.

"हात नको लावू. तुझी आहे का ते? तूच सांगतलं न सकाळी, मी माझीच म्हनून. मंग सासूची गाठ सोडाचा हक्क कोठचा तुले?"

खरं होतं. त्या घरची सून म्हणून सोडावी, तर मी त्या घरची. त्या घरची नाही म्हणावं, तर गाठीला हात लावायचा नाही. माझ्याच हातांनी मला बांधून ठेवलं होतं.

दुपारपर्यंत साऱ्या बाया आपापले डोंगे घेऊन बघून गेल्या. दुसऱ्या तलावाची गाठ आमच्या पाण्यात कधी पडली नव्हती. रायवंता बुढी आली, डोळे बारीक करून एकेक गाठ बघितली, आणि म्हणाली, "जिची आहे तिले बोलवा. ती सोडंन नाईतर घेऊन जाईन. मधात कोनी पडाचं नाई."

भाऊ घरी वाटच बघत होता. श्रावणदादा वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता येतं. हा चार लोक काय म्हणतील याला भिणारा माणूस होता, आणि अशा माणसाशी भांडायचं म्हणजे धुक्याला काठी मारायची.

"सांगावा धाडला मी," तो म्हणाला. "तुझी सासू येईन परवा. गाठीही सोडवन आन तुलेही नेईन. एका फेरीत दोन कामं."

"मी जानार नाई."

"मंग का माझ्या उरावर बसशीन जन्मभर?"

"दादा, त्यानं मले विहिरीपाशी मारलं तवा तू पाव्हना म्हनून तिथंच होता. खाटेवर बसून चहा पेत होता."

तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. वहिनी परातीत पीठ मळत होती, तिचे हात थांबले. हे तिला ठाऊक नव्हतं.

मी एक अॅल्युमिनियमचं गंज, म्हणजे पातेलं, उचललं आणि बाहेर पडले. पाळीवर, जिथं डोंगे लावतात त्याच्या वर, तीन दगड मांडले. चूल नाही तर गाठ नाही म्हणता, तर घ्या चूल.

थोड्या वेळानं वहिनी आली. पदराखालून एक गाठोडं काढून तिनं माझ्यापुढं टाकलं. मागच्या सालचं देवधान होतं, कांडून-सडून ठेवलेलं.

"मडक्याच्या बुडाशी होतं," ती म्हणाली. "उंदरानं खाल्लं म्हनून सांगीन."

"दादा मानंन?"

"तुझ्या दादाले उंदराचंच भेव आहे." ती जायला वळली आणि थांबली. "खाटेवर बसून पेत होता का?"

"होय."

ती गेली. त्या दिवसापासून दादाला घरात चहा मिळायचा बंद झाला, हे मला पुढं कळलं.

मी जाळ केला, भात शिजत घातला. काठाची भाजी खुडली, झिंगे भाजले. वास साऱ्या पाळीवर गेला तसा रायवंता बुढी काठी टेकत आली आणि चुलीपाशी उभी राहिली.

"तीन दगड मांडले म्हनजे चूल नाई झाली, निरू. दगडापाशी त कुत्रंही झोपते. दुसऱ्या घरचं मानूस चारचौघांदेखत जेवून गेलं पायजे. तवा ते चूल."

"मंग तुमी बसा न."

"मी वाटे पाडनारी. मी बसली त तो न्याय नाई, डाव होते."

"मंग कोन बसंन?"

"ते मले नोको इचारू. मी फकस्त पायते."

आणि ती खरंच बघत बसली, अर्जुनाच्या सावलीत, तोंडात तंबाखू धरून.

बाया डोंग्यांतून उतरायच्या, माझ्या चुलीवरून जायच्या. मी म्हणायची, बसा जेवाले. तर एकीचं पोट बरं नव्हतं, दुसरीला उपास होता, तिसरीच्या घरी पाहुणे. एरवी मासळीच्या काट्यापर्यंत चोखून खाणाऱ्या आमच्या बायांत उपासाची साथच आली म्हणा. पोरं वासानं जवळ यायची, तर आया हाका मारून बोलवायच्या. भागरता नावाची माझ्या बरोबरीची होती, आम्ही एकाच पाण्यात पोहायला शिकलो. ती तेवढी थांबली.

"मले भूक त लागली आहे," ती म्हणाली.

"मंग बैस."

"मी बसली त घरचा मानूस पुसंन, का तुलेही चूल मांडाची आहे का म्हनून." तिनं गंजाकडं बघितलं. "भात त मस्त लाल दिसते वं." आणि गेली.

शिजवायला पाळ आणि झोपायला दादाची ओसरी, असं चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवलं, पुन्हा कुणी आलं नाही. आपण रांधलेलं एकटीनं खायचं, आणि सारं गाव तोंड फिरवून बघतंय. माराचं मला कधी रडू आलं नाही. त्या भाताचं आलं. पलीकडच्या कोपऱ्यातलं धान रंग बदलायला लागलं होतं. दूध घट्ट होत होतं. एकदा वारा सुटला की तो कोपरा गेला, आणि त्याच्याबरोबर मीही गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आत्याबाई उतरली.

तुरजाबाई तिचं नाव. ठेंगणी, काळी, चालताना जमिनीला दाबत चालणारी. घरी न जाता ती थेट पाळीवर आली. मागं दादा तिची पिशवी घेऊन धावत. बाया डोंग्यात बसायच्या राहून तशाच उभ्या राहिल्या. मी चुलीशी होते, उठले. पाया पडावं की नाही हे मी ठरवेपर्यंत तीच म्हणाली,

"बारीक झालीस."

त्या घरात तिनं मला कधी मारलं नव्हतं. कधी सोडवलंही नव्हतं. तो मारायला लागला की ती उठून परसात जायची आणि जाळी दुरुस्त करत बसायची.

"चाला न घरी," दादा म्हणाला. "जेवन करा, मंग निवांत बोलू. पोरीचं सामान बांधूनच ठेवलं आहे."

"आधी माझी गाठ दाखवा."

वहिनीनं डोंगा काढला. पुढं आत्याबाई, मध्ये रायवंता बुढी. मी पाळीवरून बघत होते. तिनं एकेक गाठ हातात धरून बघितली, जशी दुसऱ्याच्या घरी दिलेल्या लेकराची वेणी बघावी. घाई केली नाही. परत येऊन उतरली आणि मला म्हणाली,

"तिसरी ओळ ढिली आहे. बोलत होतीस का?"

"होय."

"वाटलंच."

"पीळ उलटा कसा हो?" रायवंता बुढीनं विचारलं. तिला दोन दिवस तेच खात होतं. "तुमच्या तलावात साऱ्या अशाच मारतात का?"

"नाई. मी एकटीच."

"सासूनं शिकवली?"

"सासूची सुलटी होती. लग्नाच्या दुसऱ्या साली माझा उजवा हात मोडला. हंगाम का आपल्यासाठी थांबते? डाव्यानं मारली, त पीळ उलटा पडला. मंग हात बरा झाला, पन गाठ तशीच राहिली."

"पडल्या होत्या का?"

आत्याबाईनं तिच्याकडं बघितलं, मग उभ्या असलेल्या साऱ्या बायांकडं.

"तुमच्या गावात नाई पडत का बाया?" ती म्हणाली.

भागरतानं दंडावरचा पदर खाली ओढून घेतला.

इतके हंगाम मी ती गाठ मारली, आणि ती उलटी का हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. त्या घरात आम्ही दोघीच बायका. एकीनं मार खाऊन गाठ बनवली, दुसरी ती मार खात शिकली. आणि आम्ही दोघी बोलायचो फक्त ओळ ढिली आहे की घट्ट यावर.

"मंग आता?" रायवंता बुढी कामावर आली. "गाठ तुमची, वाटा शशिकलाचा. सोडता का ठेवता?"

"भूक लागली," आत्याबाई म्हणाली.

दादा पुढं झाला. "चाला न, कोंबडी केली आहे तुमच्यासाठी."

"कोंबडी तू खाय," ती म्हणाली, आणि माझ्या चुलीपुढं मांडी घालून बसली. "वाढ."

ताट नव्हतं. पळसाच्या पानांवर भात वाढला, वर भाजी, वर झिंगे. तिनं घास घेतला. सारी पाळ तिच्या जबड्याकडं बघत होती.

"मीठ कमी आहे."

"मीठ नाईच आहे," मी म्हणाले.

"मंग सांगावा धाडाचा होता. आनलं असतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती खाली बघून जेवत होती. सावकाश, शितन् शीत. पान निपटून पुसलं, दुमडलं, उठून तलावात हात धुतला, चूळ भरली.

रायवंता बुढीनं काठी टेकली. तिला वाईट वाटत होतं ते दिसत होतं, पण बुढी रीत सोडणारी नव्हती. "हे जेवन मोजता येत नाई, तुरजाबाई. तुमी तिच्या सासू. घरचंच मानूस घरात जेवलं. दुसऱ्या घरचं पायजे."

आत्याबाईनं पदरानं हात पुसले.

"ती माझ्या घरची नाई," ती म्हणाली.

दादाच्या हातातून पिशवी खाली पडली. म्हणजे ती मला न्यायला आलीच नव्हती. ती तोडायला आली होती. माझ्या हातचं जेवून, चार लोकांत, तोंडावर. तिकडचं दार बंद करायला तिच्या पोरानं पाठवली असणार. तिकडं मला जायचं नव्हतं हे खरं, पण आपण सोडणं वेगळं आणि हाकलणं वेगळं. आता मी दोन्हीकडची नाही. दगडापाशी झोपणारं कुत्रं.

"का म्हनता हे?" दादा म्हणाला. "लगन झालं आहे तिचं."

"तू चूप बैस. तुले मी खाटेवर चहा देल्ला होता, तो अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे." मग ती बायांकडं वळली, आणि तिचा आवाज चढला नाही, पण पाण्यावरून पलीकडं गेला. "ऐकून घ्या साऱ्यांनी. आजपासून हे पोरगी माझी सून नाई आन माझ्या घरची नाई. मी कोसमटोल्याची तुरजा. इथं पाव्हनी म्हनून आली, आन दुसऱ्याच्या चुलीवर पोटभर जेवली. आता मोजा."

पलीकडं पाण्यात एक मासळी उसळली.

मला कळायला वेळ लागला. सगळ्यांना कळून चुकलं तरी मला कळलं नव्हतं. वहिनीनं माझ्या पाठीत कोपर मारलं तेव्हा कळलं.

रायवंता बुढीनं तंबाखू थुंकली. बांबू उचलला आणि पलीकडच्या कोपऱ्याकडं रोखला.

"वाकड्या बाभळीपासून कमळाच्या पानांपर्यंत," ती म्हणाली. "निरूचा. गाठ कोनती मारशीन?"

मी आत्याबाईकडं बघितलं.

"माझीच मार," ती म्हणाली. "तिथं माझ्यामागं मारनारी कोनी नाई. आन शशिकलाच्या वाट्यात ज्या पडल्या त्याही तुझ्याच. तूच सोड आन धान तिचं तिले दे. मले त्यातलं काई नोको."

"जावई का म्हनतीन?" दादा पुटपुटला.

"त्याले मी सांगीन."

"ते ऐकतीन का?"

"उजव्या हातानं सांगून पायलं आतापर्यंत," ती म्हणाली. "आता डाव्यानं सांगीन."

पहिली हसली ती भागरता. मग सारी पाळ हसली. आत्याबाई हसली नाही.

तिला गाडीवर पोचवायला मी गेले. रस्त्यानं बोलणं झालं नाही. गाडी थांबते त्या पळसाखाली उभ्या राहिलो तेव्हा मी म्हणाले, "तुमीही राहा न इथंच. माझ्या चुलीवर."

"येडी आहेस का? अर्धा पट्टा बांधाचा टाकून आली." तिनं माझा हात उलटा करून बोटांवरचे कुसळांचे ओरखडे बघितले. "हळद लाव. आन तिसरी ओळ पुन्हा घट्ट कर."

"तो मारंन तुम्हाले."

"मारंन," ती म्हणाली. "मंग मी पाव्हनी येईन."

गाडी आली. ती चढली आणि खिडकीशी न बसता आत जाऊन बसली.

त्याच दुपारी वहिनीचा डोंगा घेऊन मी पलीकडच्या कोपऱ्यात गेले. ढकलायला भागरता आली. कुणी बोलावलं नव्हतं. वारा सुटायच्या आत आम्ही कोपरा बांधून काढला. मी तोंड बंद ठेवलं, एकही ओळ ढिली पडू दिली नाही. धान उतरलं तेव्हा पहिली पेज भागरतानं माझ्या चुलीवर बसून पिली, भर दुपारी, पाळीवरून पुरुष जात असताना, मुद्दाम आवाज करून पिली.

आज त्या चुलीच्या जागी माझं घर आहे, विटांचं. गॅस आहे. आमच्या रीतींना मी उठता बसता शिव्या घालते, आणि घालण्यासारख्या त्या आहेतच. ज्या रीतीला लग्न झालं की पोरगी मेली वाटते, तिला मी कशाला फुलं वाहू. पण त्या रीतीत एक फट होती, आणि ती फट एका हात मोडलेल्या बाईनं बरोबर हेरली. सूनपणातून सुटायला आम्हाला ना कोर्ट ठाऊक, ना वकील. तिनं ते मिठाशिवायच्या भातावर करून दाखवलं.

पुढल्या हंगामात वाटे पाडायच्या सकाळी पाळीवर आणखी दोन जागी धूर निघाला. एक पोरगी शेजारच्या गावाहून परत आलेली, एक विधवा, दिरानं घराबाहेर काढलेली. दोघींनी दगड मांडले होते आणि खाली मान घालून बसल्या होत्या. बाया बदकं बघत होत्या.

मी त्या पोरीच्या चुलीपुढं मांडी घातली आणि म्हणाले, "वाढ."

भात कच्चा होता. मी दोनदा मागून घेतला.